सही जुळत नाही

बँकेतल्या नोकरीत मी किती चेक परत पाठवले असतील याचा हिशेब देता येणार नाही. खात्यात शिल्लक नाही, तारीख उलटून गेली, अक्षरी रक्कम आणि आकडा यांचा मेळ नाही, अशी कारणे ठरलेली असत आणि छापील मेमोवर त्यातल्या एकापुढे खूण केली की काम संपत असे. ते सारे चेक मी विसरलो. एका खात्यावरचे दोन चेक मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

१९९६ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पासिंग ऑफिसर होतो. पासिंग ऑफिसर म्हणजे चेकवरची सही नमुना-सहीच्या कार्डाशी ताडून पाहणारा आणि स्वतःची आद्याक्षरे टाकून पैसे मोकळे करणारा माणूस. तिथल्या माध्यमिक शाळेतल्या एका बाईंचा पगार आमच्या शाखेत जमा होई. वय पस्तिशीच्या आसपास. सही अगदी शिक्षिकेला शोभेलशी : सुटी, वळणदार अक्षरे आणि खाली एक सरळ रेघ. त्या वर्षी ती रेघ वाकू लागली. मग अक्षरे एकमेकांवर चढू लागली. मी एक चेक परत केला, पंधरा दिवसांनी दुसरा. दोन्हींवर शेरा एकच : सही जुळत नाही.

तिसऱ्या वेळी बाई स्वतः आल्या. सोबत यजमान. मी कार्ड काढले, कोरा कागद पुढे सरकवला आणि सांगितले, "पाच सह्या करा." पहिली बरी उतरली. दुसरी तिच्याहून वाईट. पाचवी सही कोणाचीही असू शकली असती. मागे रांग खोळंबली होती आणि रांगेतली माणसे मान उंचावून पाहत होती. यजमान म्हणाले, "साहेब, हिचा हात हल्ली असाच चालतो. फळ्यावर लिहितानासुद्धा." माझ्या मनात काय आले ते सांगतो. मला वाटले, हा गृहस्थ बायकोच्या सह्या करत असला पाहिजे आणि आज तिला पढवून आणले आहे.

पण मी काही दुष्ट माणूस नव्हतो. मी मार्ग काढला. खाते दोघांच्या नावावर करा, दोघांपैकी कोणाचीही सही चालेल, असे सुचवले आणि अर्जही स्वतः भरून दिला. तक्रार मिटली. मॅनेजरसाहेबांनी शाबासकी दिली. बाई पुन्हा बँकेत दिसल्या नाहीत. त्यांच्या पगारातला रुपया न् रुपया त्यानंतर यजमानांच्या सहीने निघाला. दीड-दोन वर्षांनी, माझी बदली व्हायच्या सुमारास, शाळेच्या कारकुनाकडून कळले की बाईंना मुंबईला दाखवले आणि मोठ्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असे निदान केले.

हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आज जगभरात २८ लाखांहून अधिक लोक या आजारासह जगत आहेत असा अंदाज आहे. बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंत, म्हणजे नोकरी, संसार, मुले असे सारे उभे राहत असताना तो गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीहून अधिक प्रमाणात गाठतो. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते. विजेच्या तारेवर रबर असते तसे. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून या वेष्टनावरच हल्ला करते. वेष्टन उडाले की संदेश मंदावतो, विस्कटतो किंवा वाटेतच विरतो. मेंदूत जागोजागी असे चट्टे पडतात, आणि चट्टा कुठे पडला त्यावर काय बिघडणार हे ठरते. म्हणून या आजाराचे दोन रुग्ण एकमेकांसारखे नसतात.

सर्वसामान्य माणसाच्या मनात या आजाराचे जे चित्र आहे ते चाकाच्या खुर्चीचे. डॉक्टरांचेही चित्र फार काळ याहून वेगळे नव्हते. जॉन कर्ट्झकी या अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली शून्य ते दहा अंशांची मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. तिच्यात चारच्या पुढचे अंश मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतात : माणूस किती मीटर चालतो आणि त्याला काठी लागते की नाही. सहा म्हणजे काठी, सात म्हणजे खुर्ची. आता समजा, एखाद्या बाईला अर्धा किलोमीटर सहज चालता येते, पण ब्लाऊजचे हूक लावता येत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही, कुलपाच्या भोकात किल्ली जात नाही. या मोजपट्टीवर ती बरीचशी ठणठणीतच ठरते.

बोटांचे बिघडणे तीन-चार वाटांनी येते. कधी स्नायूंना पुरेसे बळ पोचत नाही. कधी बोटांना स्पर्श कळत नाही, हातात नाणे आहे की बटण हे बघितल्याशिवाय समजत नाही. कधी मेंदूच्या मागच्या भागातला, लहान मेंदूतला तोल जातो आणि मग हात एरवी स्थिर राहतो, पण वस्तूच्या जवळ जाताना कापू लागतो. पेन कागदाला टेकण्याच्या क्षणी, म्हणजे नेमका नको तेव्हा. ज्यांनी मोदकाच्या कळ्या पाडल्या आहेत, रांगोळीचे ठिपके मोजून टाकले आहेत, त्यांना बोटांच्या टोकाशी किती विद्या साठलेली असते हे वेगळे सांगायला नको.

या विद्येचे जाणे जगाने एकदा उघड्या रंगमंचावर पाहिले आहे. जॅकलिन दु प्रे ही ब्रिटिश चेलोवादक विशीतच जगप्रसिद्ध झाली होती. १९७१ च्या सुमारास तिच्या बोटांतली संवेदना जाऊ लागली. चेलोची पेटी उघडणेही जड जाऊ लागले. बोट तारेवर कुठे पडते आहे ते कळेना म्हणून डोळ्यांनी पाहून पाहून ती वाजवू लागली. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली तिने एल्गारची रचना वाजवली. तिथल्या तिच्या अखेरच्या मैफिलींपैकी ती एक. निदान झाले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे हात सांगत होता आणि त्याचे म्हणणे कोणाला वाचता येत नव्हते. १९८७ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ती गेली. लंडनमध्ये, जगातल्या उत्तम वैद्यकाच्या दारात, एवढ्या नामांकित बोटांची ही कथा. तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेचे हात कोण वाचणार होते?

हाताबरोबर आणखी एक गोष्ट मंदावते आणि ती तर मुळीच दिसत नाही. ती म्हणजे विचाराचा वेग. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या आजाराची पहिली व्यवस्थित मांडणी केली, तेव्हाच स्मरण क्षीण होते आणि कल्पना सावकाश आकार घेतात, हे नोंदवून ठेवले होते. पुढे शंभराहून अधिक वर्षे वैद्यक पायांकडे आणि डोळ्यांकडेच पाहत राहिले. आता मान्य झाले आहे की या आजाराच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण ४० ते ६५ जणांना कमी-अधिक प्रमाणात असा त्रास होतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे वेड नव्हे आणि बुद्धीचा ऱ्हासही बहुतेकांच्या बाबतीत नव्हे. भाषा शाबूत असते, आयुष्यभराचे ज्ञान शाबूत असते, निर्णयाची समज बहुधा शाबूत असते. बिघडतो तो वेग. ऐकलेले आत पोचायला आणि आठवलेले बाहेर यायला वेळ लागतो. दोन कामे एका वेळी होत नाहीत. संध्याकाळपर्यंत मेंदू असा थकतो की साधे वाक्यही दोनदा वाचावे लागते. उन्हाळ्यात हे सारे वाढते, कारण अंगातली उष्णता चढली की उघड्या पडलेल्या तंतूंमधून संदेश आणखी मंद वाहतो. सकाळी दहाची सही आणि दुपारी तीनची सही वेगळी येते ती यामुळेच. मला मात्र १९९६ च्या त्या दुपारी दोन सह्या म्हणजे दोन माणसे एवढेच ठाऊक होते.

हा त्रास किती खोल जातो याचा एक जुना पण भक्कम दाखला आहे. स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शंभर रुग्णांची तपासणी करून १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आकलनाचा त्रास असलेले आणि नसलेले असे दोन गट त्यांनी पाहिले. शारीरिक अपंगत्व दोन्हीकडे सारखेच होते. तरी पहिल्या गटातले लोक नोकरीत टिकण्याचे प्रमाण कमी होते, त्यांचे समाजात मिसळणे कमी होते आणि घरात त्यांना दुसऱ्यावर अधिक अवलंबून राहावे लागत होते. म्हणजे माणसाला घरी बसवतात ते नेहमी पायच असतात असे नाही.

माझी एक भाची पुण्यात हिशेब तपासणीच्या व्यवसायात आहे. आठ वर्षांपूर्वी तिला हेच निदान झाले. ती चालते, जिने चढते, लग्नकार्यात पंगतीला वाढतेही. एकदा ती म्हणाली, "मामा, मला चालता येतं हीच माझी अडचण आहे. कुबडी असती तर लोकांनी मला जरा वेळ दिला असता." बैठकीत तिला उत्तर सुचते, पण तोवर विषय पुढे गेलेला असतो. लोक म्हणतात, हल्ली हिचे लक्ष नसते. ज्या बाईने वीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, तिला आज स्वतःच्या प्रत्येक आकड्यावर तीनदा बोट ठेवावे लागते, आणि ते बोटही नीट टेकत नाही.

तिच्यामुळे मला एक गोष्ट उमगली. हात आणि विचार या दोन उणिवा वेगवेगळ्या मोजता येतात, पण जगताना त्या एकत्रच भेटतात. तज्ज्ञांनाही हे ठाऊक आहे. बोटांसाठी नऊ खुंट्यांची एक चाचणी असते. नऊ खुंट्या नऊ भोकांत घालायच्या आणि काढायच्या. निरोगी माणसाला वीसेक सेकंद लागतात. विचाराच्या वेगासाठी चिन्हे आणि आकडे यांच्या जोड्या नव्वद सेकंदांत जुळवण्याची चाचणी असते. ती लेखी घेतली तर मंद हाताचा दोष मेंदूच्या माथी बसतो, म्हणून या रुग्णांकडून उत्तरे तोंडी घेतात. दवाखान्यात दाखवला जाणारा हा विवेक बाहेरच्या जगात कोण दाखवतो?

मोबाइलवरून पैसे पाठवण्याचेच घ्या. सहा आकडी ओटीपी येतो. तो वाचायचा, लक्षात ठेवायचा, एका पडद्यावरून दुसऱ्यावर जायचे, इवल्या चौकोनांवर बरोबर बोट मारायचे, आणि हे सगळे घड्याळाशी शर्यत लावून. स्मरण, अवधान आणि बोटे या तिन्हींची एकाच वेळी परीक्षा. एखाद्या मज्जातंतुतज्ज्ञाने मुद्दाम रचली असती तरी याहून कठोर चाचणी झाली नसती. दोन-तीनदा चुकले की खाते काही काळ बंद. चेकने पैसे द्यावेत तर चेकच्या प्रतिमेवरून होणाऱ्या वटणावळीत डिसेंबर २०१० पासून तारखेचा अपवाद सोडला तर चेकवर खाडाखोड चालत नाही. हात घसरला की पान वाया. शिवाय सही न जुळल्यामुळे परत गेलेला चेकही फौजदारी कलम १३८ च्या कक्षेत येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली लक्ष्मी डायकेम खटल्यात सांगितले आहे. ठगांना जरब बसावी म्हणून ते योग्यच. पण ज्याची सही रोज वेगळी उमटते त्याने काय करावे?

कायदा याबाबतीत बँकांच्या पुढे गेला आहे हे मला, एका जुन्या बँकवाल्याला, कबूल केले पाहिजे. १९९५ च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार केले आणि या आजाराचे नाव घेऊन समावेश केला. त्याच कायद्याचे कलम १३ सांगते की दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार स्वतःच्या हाती ठेवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. हे कलम वाचताना मला तो संयुक्त खात्याचा अर्ज आठवला, माझ्याच अक्षरात भरलेला.

अडचण अशी की बहुतेक सवलतींचा दरवाजा प्रमाणपत्रावरच्या चाळीस टक्क्यांना उघडतो. चढउतार हाच ज्या आजाराचा स्वभाव, त्याची टक्केवारी एका ठरावीक दिवशी ठरवायची. बरा दिवस निघाला तर नुकसान रुग्णाचेच. न्यायालयांनी या उंबरठ्याला धक्का दिला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांची अट न लावता लेखनिक मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार खटल्यात तोच न्याय अधिक व्यापक झाला. हा प्रश्न बँकभरतीच्या परीक्षांतून वर आलेला होता, याची मला गंमतही वाटली आणि खंतही. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या, पापण्या मिटता न येणाऱ्या स्त्रीला ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगणारी यंत्रणा तिचे जगण्याचे स्वातंत्र्यच नाकारते, हे तत्त्व मान्य करून ओळख पडताळणीची पद्धत सर्वांना वापरता येईल अशी करण्याचे आदेश दिले. यांतला एकही खटला मल्टिपल स्क्लेरोसिसचा नाही. पण तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. यंत्रणेला हवी तशी खूण शरीराने दिली नाही, तर खोटे कोण? शरीर की यंत्रणा?

बँकांकडे नियमच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. आजारी, वृद्ध, असमर्थ खातेदाराला सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, तेही जमत नसेल तर नुसती खूण घ्यावी, दोन साक्षीदार असावेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना फार वर्षांपासून आहे. नियम दयाळू आहे. पण त्याला दोनच अवस्था कळतात, सही करणारा आणि सही न करू शकणारा. ज्याची सही सोमवारी येते आणि गुरुवारी येत नाही, तो यात बसत नाही. आणि बी.एड. झालेल्या बाईला अंगठा उठवायला सांगताना आपण तिच्याकडून काय काढून घेतो, याचा विचार परिपत्रकात मावत नाही.

दुसरी बाजूही मांडतो, कारण ती मी तीस-पस्तीस वर्षे जगलो आहे. संशय हा बँकेचा धर्म आहे. आजारी माणसाच्या पैशावर टपलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. मुलाने बापाचा अंगठा झोपेत उमटवून आणल्याचेही पाहिले आहे. मंद हालचालींच्या, चटकन उत्तर न देणाऱ्या माणसाला लुबाडणे सोपे असते, म्हणून त्याच्या खात्यावर पहारा अधिक हवा हे खरेच. पण माझा १९९६ चा मार्ग तपासून पाहा. नवरा लबाड असेल असा मला संशय होता, आणि उपाय म्हणून मी काय केले, तर सहीचा अधिकार त्याच नवऱ्याला दिला! ते गृहस्थ सज्जन निघाले हे बाईंचे नशीब. माझ्या उपायाने पैशाचे रक्षण झाले नाही आणि बाईंचेही नाही. फक्त काउंटरवरची कटकट वाचली. पुढे मी पाहिले की अशा बहुतेक सोयी कटकट वाचवण्यासाठीच असतात आणि त्यांना आपण मदत म्हणतो.

मग करावे काय? फार खर्चाचे काही नाही. खातेदाराच्या डॉक्टरांचा दाखला घेऊन नमुना-सह्या दरवर्षी नव्याने घेता येतील, आणि एकच नाही तर चार-पाच वेगवेगळ्या. सही शंकास्पद वाटली तर चेक परत करण्याआधी एक फोन करता येईल. ओटीपीची मुदत अशा खात्यांसाठी वाढवणे संगणकाला अशक्य नाही. मदतनीस सोबत असू द्यावा, पण सहीचा अधिकार खातेदाराचाच राहावा. काउंटरवर उभे न करता सकाळच्या वेळी बोलवावे. जाड पकडीचे पेन, टेकायला टेबल आणि बसायला खुर्ची. कचेऱ्यांत आणि कंपन्यांत तर याहून सोपे आहे. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी द्यावेत आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही की त्याचा हुद्दा उतरवता येत नाही. खासगी कचेऱ्यांत त्याचे भवितव्य अजून साहेबाच्या मर्जीवर आहे. या सगळ्या मागण्यांत पैसा नावापुरताच आहे. मागितला जातो आहे तो वेळ, आणि तोच आपल्याला सर्वांत महाग वाटतो.

गेल्या वर्षी निवृत्तिवेतनाच्या कामासाठी मी बँकेत गेलो होतो. तरुण अधिकारी माझी सही न्याहाळत म्हणाला, "सर, सही थोडी बदलली आहे." वयाने माझाही हात जरा कापतो. मी आपल्याच खात्यातला जुना माणूस, हे शेजारच्या शिपायाने त्याला सांगितले. लगेच खुर्ची आली, चहा आला. "सावकाश करा सर, घाई नाही," असे म्हणत त्याने नवे कार्ड पुढे ठेवले. मी निवांत तीन सह्या केल्या. तिन्ही वेगळ्या आल्या. त्याने त्यातली एक पसंत केली आणि काम झाले.

घरी येताना मी आठवून पाहत होतो. त्या दुपारी बाईंनी पाच सह्या काउंटरवर वाकून, उभ्यानेच केल्या होत्या. माझ्या टेबलासमोर एक रिकामी खुर्ची होती. "बसा," असे मी म्हटल्याचे काही केल्या आठवत नाही.